रिकाम्या शेताची साक्ष

आई, यांची कंपनी बंद होऊन आठ महिने झाले. रोज सकाळी मी यांच्या नोकरीसाठी प्रार्थना करते आणि करता करता देवाला कारणं सांगू लागते: मुलीची शाळा, घराचं भाडं, आमची वयं. काल मधेच थांबले. आपलं शेत खारं झालं तेव्हाची तुझी प्रार्थना आठवली. तीही अशीच सुरू झाली होती, पण अशी राहिली नाही.

मी आठवीत होते. बाबा नव्हते. रोह्याच्या ख्रिस्ती प्रार्थनाघरातल्या पाळकांनी प्रार्थना केली म्हणून माझा ताप उतरला असं तू मानत होतीस, आणि तेव्हापासून दर रविवारी आपण पेणहून सकाळच्या पॅसेंजरने रोह्याला जात होतो. गाव फारसं काही बोललं नाही. उधाणाआधी बांधाला नारळ देतात, त्याला हात लावणं तू सोडलंस; बांधावर माती टाकायला मात्र सगळ्यांच्या आधी जायचीस. त्या वर्षी बांध फुटला आणि खाडीचं पाणी शेतांत शिरलं. काका ओटीवर येऊन बसले. म्हणाले, “वैनी, नारळाला तुमचा हात नव्हता. लोक बोलतात.”

“तुमचा व्हता ना, भावजी?”

“व्हय.”

“मग तुमचं शेत कसं खारलं?” तू त्यांच्यापुढे चहा सरकवलास. “माझी प्रार्थना पण व्हतीच की. माझं पण खारलं. प्या आता.”

काका हसले. उठताना म्हणाले, “यंदा पेरू नका. दोन पावसाळे जमीन धुऊन निघू द्या. पाणी जिभेला लावून बघा, खारट नाय लागलं की मगच पेरा.” तू मान हलवलीस आणि पेरलंस. ज्याने पोरीचा ताप उतरवला तो मीठही उतरवील, असं तू मला म्हणालीस. मोड आणलेलं बियाणं आपण दोघींनी चिखलात फेकलं. पाणी जिभेला लावलं नाहीस. लावणं म्हणजे देवावर संशय घेणं, असं तुला वाटत होतं. बियाणं उगवलं. पंधरा दिवसांत शेंडे तांबडे पडले आणि रोपं करपून गेली.

रोह्याला एक बाई तुला मायेनेच म्हणाल्या, “तुमचा विश्वास कमी पडला असंल.” परतीच्या गाडीत निडी स्टेशन गेल्यावर तू बोललीस. “कमी नाय गो पडला. मी सौदा केला व्हता. तू बरी झालीस म्हणून मी त्याची झाले, आता त्यानं शेत द्यायचं. त्यानं नाय दिलं.”

“मग पुढच्या रविवारी कशाला यायचं?” मी चिडून विचारलं.

तू म्हणालीस, “मागायला काय उरलं नाय. तरी यावंसं वाटतंय. बघू.”

मग तू धरमतरच्या बाजूला मिठागरावर पाट्या उचलायला जाऊ लागलीस. पायांना चिरा पडल्या. संध्याकाळी तू त्यांत खोबरेल भरायचीस आणि भरतानाच प्रार्थना करायचीस. प्रार्थना लहान होत गेली. शेत, पैसा, माझं शिक्षण, एकेक गळून गेलं. शेवटी एवढंच उरलं: “आजचा दिस तुझ्यासंगं गेला.” दुसऱ्या पावसाळ्यात पेरलं नाहीस. रोज बांधावर बसून ओंजळीतलं पाणी जिभेला लावायचीस, थुंकायचीस आणि काकांना ओरडून सांगायचीस, “अजून हाय!” त्या वर्षी तू हसत होतीस. रिकाम्या शेतासमोर कुणी कसं हसतं, ते मला कळत नव्हतं. तिसऱ्या वर्षी भात आलं, पण आज माझ्या लेखी तू त्याआधीच उभी राहिली होतीस.

उभी राहिलीस ती दुसऱ्या वर्षी, साक्षीच्या रविवारी, देवाने काय दिलं ते सगळ्यांसमोर सांगायच्या दिवशी. प्रार्थनाघरात कुणी दुखणं गेल्याचं सांगे, कुणी पोराला काम लागल्याचं. तू उठलीस. लुगडं मिठाने कडक झालेलं. म्हणालीस, “मला काय मिळालं नाय. शेत अजून खारंच हाय. पण देव हाय. आधी मला फक्त त्याचं देणं दिसायचं. आता तो दिसतो.” मागून एका म्हाताऱ्याचं तेवढं “आमेन” आलं.

आज सकाळी मी कारणं सांगितली नाहीत. नोकरी अजून नाही. पण चूल पेटवताना बऱ्याच दिवसांनी मी हलकी होते. तू आता नाहीस, हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही; तरी यात एक गोष्ट लिहून टाकते. त्या रविवारी साक्ष देऊन तू खाली बसताना मी सतरंजीवर थोडी बाजूला सरकले. तुला वाटलं, मी जागा करून देतेय. “बस गो, हाय जागा,” म्हणालीस. जागा नव्हते करत, आई. मला तुझी लाज वाटली होती.