शिडी तुझ्या चालीनं उतर

सॅन बर्नार्डिनो
मार्च १९५६

प्रिय वेंडेल,

तुझं पत्र मिळालं. शनिवारी टेलिव्हिजनवर, तेही थेट, तू रंगाऱ्याची शिडी उतरणार आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या, असा हुकूम सोडलायस. येतो. निळ्या कोटाची बटणं आता पोटावर बसत नाहीत, पण टाळ्यांना त्याची अडचण नाही. तुझ्या बेताबद्दल मात्र मला बोलायचंय, आणि तू मधे तोंड घालू नयेस म्हणूनच फोन न करता लिहितोय.

तू स्टुडिओत पहिल्यांदा आलास तो नट म्हणून नाही, कुंपण रंगवायला. आठवतं ना? शिडीवरून बादलीसकट खाली आलास आणि आमचे दिग्दर्शक फिंच पोट धरून हसत सुटले. "ए रंगाऱ्या, परत पड बघू!" तू पाटलोण झटकत म्हणालास, "पडेन हो, पण आधी हा सांडलेला रंग कोण पुसणार?" दुसऱ्या दिवशी तुला मिशी चिकटवली आणि कॅमेऱ्यासमोर उभं केलं. कुंपण अर्धवटच राहिलं.

पुढची भानगड फक्त आपल्या दोघांना ठाऊक. तू मुळात संथ माणूस. सूपसुद्धा असा प्यायचास की माझं जेवण होऊन पाइप ओढून व्हायचा. फिंच ओरडायचे, "लवकर उतर! प्रेक्षक झोपतील!" आणि तू घाई केलीस की हमखास घसरायचास. शेवटी मी तुझ्या कानात सांगितलं, "तू तुझ्या चालीनं उतर रे, मी कॅमेऱ्याचं हँडल हळू फिरवतो." हँडल हळू फिरवलं की पडद्यावर माणूस भरभर धावतो, हे काही मी शोधून काढलेलं नव्हतं. पण तुझ्याइतकं हळू मी कुणासाठीच फिरवलं नाही. हाताची लय चुकू नये म्हणून माझी आई कपडे पिळताना म्हणायची ते गाणं मी गुणगुणायचो. तुला त्या गाण्याची इतकी सवय झाली की माझा घसा बसला त्या दिवशी तू शिडीवर पाय ठेवायलाच तयार नव्हतास. वर्तमानपत्रांनी तुला विजेच्या पायांचा माणूस ठरवलं. आपण ते वाचून सँडविच खाता खाता ठसका लागेपर्यंत हसलो होतो.

मग बोलपट आले. हँडल गेलं, एकाच वेगानं फिरणारी मोटर आली, आणि तिची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून मला कॅमेऱ्यासकट एका बंद खोक्यात कोंडलं. मी सवयीनं गुणगुणलो तर आवाजवाला खेकसला, "गाणं बंद कर, इथं ऐकू येतंय!" तू शिडी उतरलास नेहमीच्याच चालीनं, आणि पडद्यावरही तसाच दिसलास. कुणी हसलं नाही. फिंच म्हणाले, "वेंडेल, म्हातारा झालास की काय?" तुझी चाळिशीही उलटली नव्हती. ते वाक्य तुझ्या मनात रुतून बसलं. मला तेव्हाच कळलं होतं, पण मी विषय काढला नाही. नंतर तुला वेटरची, हमालाची कामं मिळाली, मग तीही थांबली आणि तू ग्लेनडेलच्या दुकानात लोकांना रंग कालवून देऊ लागलास. तू कधी कुरकुरला नाहीस. तुझ्या वाटचं तुझी बायको मर्टल बोलून घ्यायची, तेही माझ्याकडे.

आता दुपारी टेलिव्हिजनवर आपले जुने मूकपट लागतात, ते मी न्हाव्याच्या दुकानात पाहिले. शिडीचा प्रसंग लागला तेव्हा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या तोंडात साबणाचा फेस गेला, इतका तो हसला. मीही हसलो. पण नंतर वाईट वाटलं. टेलिव्हिजनवाल्यांची यंत्रं बोलपटाच्या वेगानं चालतात, त्यामुळे आधीच पळणारा तू आणखी पळतोस. पायाखालच्या पायऱ्या मोडतायत, एका हातात बादली आहे, आणि तेवढ्यात खिडकीतली बाई दिसते म्हणून तू शिडी सोडून टोपी उचलतोस. पडद्यावर ती टोपी दिसतसुद्धा नाही. मी भिंगातून पाहायचो तेव्हा दिसायची. तुझ्या चेहऱ्यावरची भीतीही दिसायची, आणि भीती वाटत असूनही बाईला नमस्कार राहून जाऊ नये ही तुझी धडपडही.

काल मर्टलचा फोन आला. तू गॅरेजमध्ये शिडी लावून सराव करतोस, टेलिव्हिजनवर दिसतो तेवढा वेग जमत नाही म्हणून पुन्हा पुन्हा चढतोस, परवा पडलास आणि सुजलेलं मनगट बाहीत लपवलंस. "तेव्हा जमायचं गं, आता मेला हा देहच ऐकत नाही," असं म्हणून रडलास म्हणे. ती म्हणाली, "ओटो, माझं तो ऐकणार नाही. हा माणूस शनिवारी मान मोडून घेईल." वेंडेल, लेका, तुला तेव्हाही ते जमत नव्हतं! इतकी वर्षं तो वेग पाहून तुलाच तो खरा वाटायला लागला. पडद्यावर पळतोय तो तू नाहीस, तो माझा हात आहे. तेव्हा शनिवारी मी पहिल्या रांगेत बसणार नाही. कॅमेऱ्याशेजारी उभा राहीन, हातात हँडल नसलं तरी हात फिरवीन आणि आईचं गाणं म्हणेन. कुणी गप्प बस म्हणालं तरी म्हणेन. तू त्या चालीनंच उतर, आणि टोपी उचलायला विसरू नकोस. ती आजवर मी एकट्यानंच नीट पाहिली आहे.

तुझाच,
ओटो