लांडग्यासाठी खाकी सदरा

वुडलँड्स, सिंगापूर
ऑगस्ट २००५

प्रिय मेहुणे विश्वासराव यांना त्यांच्या एकुलत्या एक दाजींचा सप्रेम जय भीम.

आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. (फोनवर तुम्ही "एकदम बरा" म्हणता तेव्हा मागून वहिनींच्या हसण्याचा आवाज येतो, म्हणून विचारतो.) इकडे सगळे मजेत आहेत. तुमची बहीण लता तर इतकी मजेत आहे, की मलाच काळजी वाटते. लिफ्टनं खाली भाजीला जाते आणि चिनी बाईशी शुद्ध मराठीत घासाघीस करून कोथिंबीर फुकट घेऊन येते. रत्नदीप सकाळी प्रयोगशाळेत जातो तो दिवेलागणीनंतरच दिसतो. सूनबाई दीक्षाला आठवा महिना लागलाय. बाळ येऊन मान धरेपर्यंत आमचं परतीचं तिकीट पुढं ढकललंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याबद्दल माझी तक्रार नाही, नातवंड ते नातवंड. पण तिकडे तुमच्या देखरेखीखाली आपली तांबू व्याली, तिला कालवड झाली, आणि घरात एवढी गोष्ट घडूनही मी ती अजून डोळ्यांनी पाहिली नाही, हे मला सारखं टोचतं. ताटात दही आलं की जास्तच.

आता मुद्द्याचं. गेल्या फोनवर तुम्ही बोलता बोलता सांगितलंत, की लांडगा ओढ्यापर्यंत येऊन गेला आणि शेजारच्या पद्माकरची शेळी गेली. (अशी बातमी पाऊसपाणी आणि भाच्याची चौकशी यांच्या मधोमध सांगतात का? पण तुम्ही तलाठी कचेरीतून निवृत्त झालेले, महत्त्वाचा कागद मधे दडवायची सवय जाणार कशी!) मी घाबरून विचारलं, गोठ्याच्या मेढीवर माझा खाकी सदरा आहे ना? तर तुम्ही आनंदानं म्हणालात, "आहे की, पावसानं कसा स्वच्छ झालाय!" विश्वासराव, तिथंच घात झाला. लांडगा सदऱ्याला भीत नाही, सदऱ्यातल्या माणसाला भितो. एसटीत कंडक्टर म्हणून मी उभी हयात लोकांच्या काखांखालून वाकून तिकिटं फाडली, तो सगळा घाम त्या खाकीत मुरलेला होता. म्हणून तर आपल्या कुंपणाच्या आतून आजवर एक वासरू गेलं नाही. तुम्ही म्हणाल, मी माझा सदरा टांगतो. टांगू नका. तुम्ही जन्मभर पंख्याखाली बसलात आणि वर अत्तर लावता. लांडग्याला वाटेल, लग्नाचं आमंत्रण आहे.

इथं आलो त्या पहिल्या सकाळी अकराव्या मजल्यावरून बाहेर बघितलं, तर समोरच्या इमारतीच्या प्रत्येक खिडकीतून एकेक बांबू बाहेर आलेला आणि त्यावर सदरे, विजारी, गंजिफ्रॉक टांगलेले. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चला, इथंही लांडग्याचा त्रास आहे, म्हणजे माणसं आपल्यातलीच दिसतात. मी रत्नदीपला विचारलं, लांडगे येतात कुठून, खाडीपलीकडच्या मलेशियातून का? तो दीक्षाला म्हणाला, बाबांचा प्रवास फार झालाय, त्यांना झोपू दे. कपडे वाळत घालायची ही इथली रीत, हे मला नंतर कळलं. तरी माझं म्हणणं एवढंच, की इतके कपडे टांगलेत आणि वुडलँड्समध्ये औषधालासुद्धा लांडगा नाही, यातून काय समजायचं ते समजा.

तर मी ठरवलं, की नवा सदरा तयार करून तुम्हाला पाठवायचा. दुसरा खाकी सदरा मी सोबत आणलेला होताच. घामाची इथं टंचाई नाही, दाराबाहेर पाऊल टाकलं की पाठ भिजते. अडचण धुण्याची. या घरात कपडा अंगावरून उतरला की मशीनमध्ये गेलाच. दीक्षा गुणी पोर आहे, पण मी सदरा खुंटीला अडकवून तोंड धुऊन येईपर्यंत तो मला मशीनच्या काचेतून गरगर फिरताना दिसायचा. शेवटी मी तुमच्या बहिणीला विश्वासात घेतलं आणि सदरा काढणंच बंद केलं, झोपतानासुद्धा. (लता तेव्हापासून थोरल्या नातीच्या, राणीच्या, खोलीत झोपते.) भर दुपारी बागेत चकरा मारायच्या, जिना चढून वर यायचं, असा क्रम सुरू झाला. लिफ्टमध्ये आधी लोक हसून मान डोलवायचे. पुढं पुढं ते पुढच्या लिफ्टची वाट बघू लागले. एकदा राणीला घेऊन एमआरटीनं, म्हणजे इथल्या लोकलनं, जुरोंग ईस्टला निघालो, तर भरगच्च डब्यात आमच्याभोवती ऐसपैस जागा झाली. (जन्मभर "पुढं सरका, पुढं सरका" ओरडून जे जमलं नाही, ते इथं तोंड न उघडता झालं.) एका चिनी आजोबांनी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि डब्यातल्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर ड्यूरियनचं चित्र आणि त्यावर काट. ड्यूरियन म्हणजे इथला फणसाचा चुलतभाऊ, वास असा की गाडीत न्यायला बंदी. मी पिशवी उलटी करून दाखवली. आत छत्री आणि चष्म्याचं घर. आजोबांची काही खात्री पटेना. तेवढ्यात राणी इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून मोठ्यांदा म्हणाली, "आजोबा, इट्स यू लाह!" सगळा डबा हसला. मीही हसलो, कारण सदरा तयार झाला होता.

हे सगळं हसण्यावारी नेतोय, पण तुमच्यापासून काय लपवायचं? मला इथं कशाचाच वास येत नाही. घर स्वच्छ, जिना स्वच्छ, माणसं स्वच्छ. सकाळी उठल्यावर हात आपोआप नाकाशी जातो, तर त्याला साबणाचा वास. शेणाचा नाही, ओल्या कडब्याचा नाही, तांबूच्या गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली हात घातल्यावर येतो तो उबदार वास नाही. वैरण टाकली की ती आधी माझी बाही चाटायची आणि मग वैरणीला तोंड लावायची. आता ती काय चाटते? आणि कालवडीला तर मी माहीतच नाही. मी येईन तेव्हा ती मोठी झालेली असेल, आणि कुंपणाशी उभा राहिलेला हा म्हातारा कोण, म्हणून बुजून आईमागं लपेल. निदान तिला माझा वास तरी ओळखीचा असावा, म्हणूनही हा सदरा. तिचं नाव मी येईपर्यंत ठेवू नका. वहिनी कौतुकानं काही म्हणत असतील, तर त्यांना मनातल्या मनात म्हणू द्या.

सदरा या पत्रासोबत सुबोधच्या हाती देतोय. सुबोध रत्नदीपचा मित्र, सुट्टीवर सोलापूरला चाललाय, तुम्हाला घरपोच आणून देईल. पिशवी गोठ्यातच उघडा, घरात नको. सदरा मेढीवर वाऱ्याच्या तोंडाला टांगा आणि वर पत्र्याचा आडोसा करा. ओढ्याच्या बाजूला कुंपणाला भगदाड आहे, तिथं बाभळीच्या फांद्या दाबून घाला. कालवडीला तांबू आणि भिंत यांच्या मधे बांधा. मालक घरी आहे, असं लांडग्याला वाटलं पाहिजे.

वहिनींना जय भीम, आणि पोरांना माझ्यातर्फे मायेची एकेक चापट.

तुमचा,
सध्या नाइलाजानं सिंगापूरकर,
निशिकांतदाजी

ता. क. सुबोध खाली टॅक्सी थांबवून उभा आहे, म्हणून घाईत लिहितो. पत्र ठेवायला पिशवी उघडली, तर सदरा धुतलेला, इस्त्री केलेला, कॉलरला कडक खळ, आणि घडीत चॉकलेटचं पाकीट! तुमच्या बहिणीला विचारलं तर म्हणाली, "माझ्या माहेरी घाणेरडा सदरा पाठवू? भावजय काय म्हणेल मला?" लांडगा काय म्हणेल, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

आणखी एक. तेव्हा आता सदरा टांगू नका, तुम्हीच अंगात घाला. अत्तर न लावता रोज संध्याकाळी गोठ्यात बसा, कडबा तोडा, घाम येऊ द्या. माझा नाही तर तुमचा, पण घरच्या माणसाचा वास तिथं असू द्या. आणि परत येताना सुबोधच्या हाती कालवडीच्या अंगाखालच्या गोणपाटाचा एक तुकडा पाठवा, हातरुमालाएवढा पुरे. धुऊ नका. वहिनींना तर दाखवूच नका.

आणि अगदी शेवटचं. सदरा घालण्याआधी एकदा तांबूच्या नाकाशी धरा. तिनं बाही चाटली, तर असाल तसे उठा आणि मला फोन करा. नाही चाटली, तर फोन करू नका, आणि तिला रागावूही नका. साबणाचाच वास असणार, तिचा काही दोष नाही.