कफ किती घट्ट?

ठाणे, गुरुवार

प्रिय बाबा,

ठाण्याहून मोहन्याला, लोकलने तासाभरावरच्या घरी पत्र, याचं तुम्हाला हसू येईल. पण समोर आले की तुम्ही आधी जेवलीस का विचारता आणि माझा विषय तिथेच संपतो. फोनवर तर बँकेत कधी हजर होणार, एवढंच.

फिजिक्स शिकलेली मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये करते काय, असं तुम्ही विचारलेलंत. तेव्हा नीट सांगता आलं नाही. पहिल्याच आठवड्यात आमच्या लॅबच्या प्रमुख ऋजुता मॅडम मला दम्याच्या पेशंटांचा कफ दाखवत होत्या. हा घट्ट, हा त्याहून घट्ट. मी विचारलं, किती घट्ट? जन्मभर जीवशास्त्र केलेली बाई, पण आकडा त्यांच्याकडे नव्हता.

मला तुमचं रेयॉनच्या कारखान्यातलं खातं आठवलं. धागा ओढण्याआधी त्या चिकट द्रावणात तुम्ही पोलादी गोळी सोडायचात आणि खाली जायला किती सेकंद लागतात ते मोजायचात. मी चौथीत असताना काकवीच्या बाटलीत सायकलचा छर्रा सोडून दाखवलात, आणि आईने काकवी वाया गेली म्हणून दोन दिवस अबोला धरलेला. तेच मी मॅडमना सांगितलं. कफ थेंबभरच मिळतो, म्हणून आम्ही त्यात धुळीच्या कणाएवढा मणी सोडतो, चुंबकाने ओढतो आणि किती हळू सरकतो ते मायक्रोस्कोपखाली बघतो. औषध घातल्यावर तो झरझर सरकला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. छाती मोकळी होते म्हणजे नक्की काय होतं, ते मला आकड्यात दिसत होतं. आता प्रश्नच संपत नाहीत. सकाळचा कफ जास्त घट्ट का? थंडीत काय होतं?

माझ्यासारखे इथे आणखी आहेत. रतन प्रकाशाचं शास्त्र शिकलाय, तो पेशी बघायची यंत्रं जुळवतो. जाहिरातीतच होतं, भौतिकशास्त्र हवं, जीवशास्त्र आम्ही शिकवू. मॅडमनी मला पीएचडीची जागा दिलीय, पाच वर्षांची. पुढे कायम नोकरी मिळेलच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

कारखाना बंद पडल्यावर तुम्ही कसे दिवस काढलेत ते मी पाहिलंय. म्हणूनच बँकेची परीक्षा दिलेली. आईने तर पेढेही वाटले. पण हजर व्हायची मुदत काल संपली, बाबा, आणि मी गेले नाही. तुम्ही रागवाल, रागवा. आईला अजून सांगितलेलं नाही. रविवारी साडेदहाला आंबिवलीला उतरेन. स्टेशनवर याल का? एकटीने घरात शिरायची हिंमत नाही माझी.

तुमचीच हट्टी,
मेघना