उंडो, बाठा आणि वाजणारं यंत्र

तुये, पेडणे

ती. सुमंगला आक्कास,

वयाने धाकट्या (पण गुडघ्यांनी तुझ्याहून थोरल्या) सदाशिवाचा वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार. रूपाली, तिचं बाळ, तुझी कंबर, सगळी ठीक ना? पुण्याला पाव म्हणून जे विकतात ते खाऊ नकोस. फोनवर तू मला चार शब्द सलग बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आधीच सांगून टाकतो, उंडो खुशाल आहे. हे लिहितानाही माझ्या पायावर मान टाकून झोपलाय. आता बसून पुढचं वाच.

रूपालीच्या बाळंतपणासाठी डिचोलीचं घर बंद करून तू तुझा लाडका कुत्रा माझ्या गळ्यात मारलास. (‘माझ्या घरात कुत्रं चालायचं नाही’ असं मी म्हणालो होतो, ते माझ्या लक्षात आहे. तू आठवण करून देऊ नकोस.) तर गेल्या बुधवारी त्याने मानकुराद आंब्याचा बाठा (तिकडे पुण्यात कोय म्हणतात तो) अख्खा गिळला. बाठा त्याच्यापुढे कसा आला याचा तपास चालू आहे. दोन दिवस पोरगं ओकत होतं. शेवटी त्याला चादरीत गुंडाळून म्हापशाला दिपाली डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एक्स-रेच्या फोटोत बाठा असा स्वच्छ दिसला की जात ओळखता आली असती. पोट उघडण्यावाचून इलाज नव्हता.

बाईंचा मदतनीस नेमका भावाच्या लग्नाला गेलेला. दुसरं माणूस यायला वेळ होता आणि बाठा थांबणारा नव्हता. मग उंड्याच्या जिभेला एक चिमटा लावून बाईंनी ठोके मोजणारं तळहाताएवढं यंत्र माझ्या हातात दिलं. “मामा, तुमी फकत ह्या धरा. वाजला की माका सांगा.” आता तूच सांग, छत्तीस वर्षं बसवर कंडक्टरकी केलेल्या माणसाला वाजण्याचं काय शिकवायचं? एक घंटी थांबा, दोन घंट्या चला, तीन घंट्या बस भरली, स्टॉपवर थांबू नका. यंत्र एकदा वाजलं. मी ओरडलो, “थांबा!” बाईंच्या हातातली सुरी जागच्या जागी. बघतात तर बॅटरी उतरल्याची सूचना. थोड्या वेळाने ते भराभर वाजायला लागलं, लाल दिवाही लागला, आणि माझ्या तोंडातून सवयीने निघालं, “जाऊ द्या, जागा नाही!” बाईंनी मान वर करून उंड्याकडे बघितलं म्हणून बरं. जीभ सुकून चिमटा घसरला होता. पाणी लावून परत बसवला आणि यंत्र शांत झालं. पण तेवढ्या दहा सेकंदांत आक्का, खरं सांगतो, मी आपल्या गावच्या म्हारींगणापासून (हो, पेडण्याच्या बसथांब्यावरल्या गणपतीपर्यंत) सगळ्या देवांना हाक मारली.

बाठा निघाल्यावर बाईंनी मला शिकवलं. एकदाच वाजलं तर बहुधा यंत्राचं स्वतःचं रडगाणं, पिवळा दिवा लागला तर बघून घ्या, लाल लागून भराभर वाजलं तर हातातलं सगळं टाका. आणि काहीही वाजो, आधी जनावराकडे बघायचं, मग यंत्राकडे. उंडो शुद्धीवर येत होता तेव्हा चिमटा त्याच्या कानाला लावून मला शेजारी बसवलं. मी “उंड्या रे” म्हटलं की ठोके एकशे अठ्ठेचाळीसवर जायचे आणि यंत्र वाजायचं. गप्प बसलो की ते गप्प. चार वेळा असं झालं. शेवटी बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं, कारण माझ्या आवाजाने पेशंट उगाच खूश होत होता. आक्का, तुझी भावजय यशोदा गेल्यापासून या घरात माझ्या आवाजाने कोणाचे ठोके वाढले नव्हते.

तू जूनमध्ये त्याला न्यायला येणार आहेस. एवढं मोठं ऑपरेशन झालेल्या जिवाला लगेच डिचोलीपर्यंतचा प्रवास सोसेल का, याचा शांतपणे विचार कर. बाळाला माझा गोड पापा.

तुझा,
सदाशिव

ता. क. तपास पूर्ण झाला. बाठा मीच दिला होता. तो असा बघत होता की मला चोखवेना.

ता. क. २. विचार करून झाला असेल तर स्पष्टच लिहितो. उंडो माझ्याकडेच राहू दे. पुरावा आहे. दवाखान्यात बाईंनी मला बाहेर बसवण्याआधी मी तुला फोन लावून ‘कशी आहेस’ विचारलं आणि तू बाळाच्या शी-शूवर पंधरा मिनिटं बोललीस, तेव्हा फोन स्पीकरवर, उंड्याच्या कानाशी होता. यंत्र एकदाही वाजलं नाही.

ता. क. ३. दोन मिनिटं आवाज बंद ठेवायचं एक बटण त्या यंत्राला असतं. तू बोलत होतीस तेव्हा माझा अंगठा सारखा त्याच बटणावर जात होता. मग बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी उंड्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, पोटाला टाके, आणि शेपटी टेबलावर धपाधप आपटत होती. आकडा एकशे सत्तर. तेव्हा जूनमध्ये येशील ती डिचोलीचं कुलूप न उघडता इकडेच ये, आणि येताना चातुर्मासभर पुरतील एवढे कपडे घेऊन ये.