बटण तेहतीसवर

४ फेब्रुवारी १९७३, भाईंदर
भाऊजी बोटीवरून आले. ह्यांच्यासाठी मोठी विलायती तबकडी. कव्हरवर डोळे मिटून ट्रंपेट वाजवणारा माणूस. "दादा, दिवेलागणीनंतर निवांत ऐकायची ही." हे हसले. पुढचा दात काढल्यापासून पहिल्यांदाच, तेही तोंडावर हात धरून. दात गेला नि ट्रंपेटचा सूर गेला. वारा निसटतो म्हणतात. नोकरी मिठाच्या ऑफिसात, पण जीव सगळा बँडमध्ये.

६ फेब्रु.
संध्याकाळी ह्यांनी लावली. निवांत कसली! नुसती पळते. सोबत वाजवून बघितलं. दोनदा मागे पडले, मग नुसती हवा. ट्रंपेट पुसून पेटीत, पेटी कपाटावर. "आपलं संपलं, सुमन." मला रडू आलं. तिकडे चहाही उतू गेला.

११ फेब्रु.
बँडमास्तर धर्माशेठ मुर्ध्याहून आले, बोंबील घेऊन. वैशाखात लग्नं, हे वाजवणार का, उत्तर हवंय. हे म्हणाले, दुसरा बघा. "दुसरा नको मना. दात गेलाय, कान हाय ना? रविवारी येतो, तवा सांग." ह्यांनी बोंबील मात्र चार खाल्ले, म्हणजे अगदीच काही बिघडलेलं नाही.

१४ फेब्रु.
धूळ पुसताना दिसलं, प्लेअरचं बटण ४५ वर! आमच्या सिनेमाच्या छोट्या तबकड्यांचा वेग तो. मोठीला ३३ लागतो. तो बिचारा पळत नव्हताच, आम्हीच पळवत होतो. गुपचूप सरकवलं. ह्यांना चूक दाखवली की दोन दिवस फुगून बसतात.

संध्याकाळी मीच लावली. एक सूर धरतो, थांबतो, मग सावकाश पुढचा. किती बरं वाटलं! हे खुर्चीत सरळ झाले. "अगं, आज हा पण दमलाय वाटतं." मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही.

१७ फेब्रु.
रोज लावतात. आज पेटी खाली काढली, स्टूल मला धरायला लावलं. ओठाच्या कोपऱ्यातून, हळू. एक सूर फाटला, तरी थांबले नाहीत. शेजारच्या कांताबेन दारात, "भाई, बंद मत करना." हे हसले, हात तोंडाकडे गेलाच नाही.

उद्या धर्माशेठ येणार. वरातीत इतकं हळू कोण ऐकणार, देव जाणे. काय सांगणार, हे बोलत नाहीत. मघाशी मात्र, "सुमन, ते बटण कुणी..." आणि थांबले. मी म्हटलं, चहा टाकू?
"टाक. आणि बटण राहू दे तिथंच."