तिसरा कौल

प्रिय दादा,

दुसरा ग्लास संपवला. अजून चार आहेत. पोट साफ करायचं औषध, खारट, वर लिंबाचा खोटा वास. उद्या इथे महाडला माझ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी आहे. मधे मधे उठावं लागतंय, म्हणून पत्र तुटक होईल.

तुझा आजार डॉक्टरांनी मला आता, तू गेल्यावर, समजावला. पेशी वाढू लागल्या की शरीर त्यांना निरोप पाठवतं: पुरे, थांबा. तो घ्यायला पेशीच्या अंगावर एक जागा असते. एका पेशीच्या दोन होताना आतल्या मजकुराची नक्कल होते. तिच्यातल्या चुका दुरुस्त करायची सोय आपल्या घरात जन्मतःच अधू. चुका साठतात, आणि एखादी नेमकी ती जागाच मोडते. निरोप येतच राहतो. पेशी वाढतच राहते.

त्या पेशीला मी माफ केलं. तिला ऐकूच येत नव्हतं. तुला येत होतं ना रे?

वर्षभर रक्त पडत होतं. तू मूळव्याध म्हणालास. मी तपासणीची तारीख घेऊन उमरठला तुझ्या घरी आले, तर म्हणालास, "देवाला इचारू गो." गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावली. उजवं पडलं. जा, असा स्वच्छ कौल.

"वारा हाय," तू म्हणालास. "परत लाव."

पुन्हा उजवं. तू उठून देवळाचं दार लावलंस. तिसऱ्यांदा डावं पडलं आणि तू टाळीसाठी हात पुढे केलास. "बघ शके, देवच नाय म्हणतो!"

मी टाळी दिली, दादा. शाळेची रजा वाचली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

काल वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमच्यासाठी कौल लावू का?" त्या दिवशी ती देवळाबाहेर, लांब पारावर होती. दोन उजव्या कौलांबद्दल तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं. मी सांगितलं. तिने फोन ठेवला.

ही तारीख मी दोनदा पुढे ढकलली आहे. तिसऱ्यांदा ढकलणार नाही, एवढं वचन देते. तुझ्यासाठी नव्हे. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

तुझी,
शकू

ता. क. सकाळी तपासणी झाली. वाटाण्याएवढी एक गाठ निघाली. तिथेच काढली, तपासायला पाठवली. बाहेर आले तेव्हा वहिनी बाकावर बसली होती. उमरठहून पहिल्या एसटीने आली होती.