लाल ठिपक्याचा पेला

प्रिय पूर्वा,

हे पत्र तुला, आणि तुझ्यामागून लग्नाला येणाऱ्या आपल्या घरातल्या प्रत्येक लेकीला. आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे: आपल्याला पारखून घेतात, पण आपल्याला पारखू देत नाहीत.

माझी सुपारी फुटली, लग्न ठरलं, तेव्हा शेलार गावातल्या आपल्या अंगणात ऐंशी माणसं बसली होती. मुलाकडच्यांनी माझी पत्रिका पाहिली, हातावरचा भाजल्याचा डाग पाहिला, मला ओटीवरून चालवून पाहिलं. आपल्या माणसांनी विचारलं, जमीन किती, कापडाचे लूम किती. रक्ताबद्दल कुणी विचारलं नाही. तुझे आतोबा विवेक म्हणजे भजनी माणूस, तंबाखूलाही न शिवणारा. तो आजार ट्रकवाल्यांना होतो, बदनाम गल्लीतल्या बायकांना होतो, असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

एचआयव्ही पत्रिका बघत नाही, पोरी. तो निरोधाशिवायच्या संबंधातून येतो, दूषित रक्तातून येतो, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून येतो, आईकडून बाळाला पोटात, बाळंतपणात किंवा दुधातून जातो. एका ताटात जेवून, मिठी मारून, डास चावून येत नाही. उभ्या आयुष्यात एकाच पुरुषासोबत राहिलेल्या बाईलाही तो होतो, आणि तिला सगळ्यांत उशिरा कळतं, कारण मंगळसूत्र म्हणजे कवच असं तिला शिकवलेलं असतं.

कामतघरच्या लूम कामगारांच्या सभांत तू मला ऐकलंयस. पगारासाठी, पाण्यासाठी मी मालकांच्या तोंडावर बोलले. पण विवेक टीबीने गेले, हे अर्धं वाक्य मी सतरा वर्षं म्हणत आले. टीबी झाला होता हे खरं. तो कशामुळे बळावला, हे तुझ्या बाबांनी मला बोलू दिलं नाही. "भावकीत नाक राहणार न्हाय, ललिता," एवढंच माझा भाऊ बाळाराम म्हणाला, आणि हजार माणसांसमोर न अडखळणारी मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आज लाज वाटते. आजाराची वाटत नाही.

आजीच्या मांडणीवर तळाला लाल रंगाचा ठिपका असलेला पेला तू लहानपणी रोज मागायचीस. तो आत्याचा लाडका, असं सांगून आजी तुझ्या हातून काढून घ्यायची. परवा तुझ्या हळदीचा विषय निघाला, तेव्हा तीच मला हळूच म्हणाली, "तू लांबूनच बघ हां, बाय." माझी स्वतःची आई. आणि माझा कुणाल पोटात असताना सरकारी डॉक्टरांनी वेळेवर गोळ्या दिल्या म्हणून तो निरोगी जन्मला, आज क्रिकेट खेळून माझं डोकं खातो, हे तिनेच डोळ्यांनी पाहिलंय.

आता समजलं असेल. तो पेला माझा, कारण तो विषाणू माझ्यात आहे. रोजच्या गोळीने तो इतका दबलाय की तपासणीत सापडत नाही, संबंधातून कुणाला जातही नाही. मी मरणाला टेकलेली नाही, अजून पुष्कळ भांडायचंय. तुझ्या होणाऱ्या नवऱ्यावर, कल्पेशवर, माझा काडीचाही संशय नाही. पण संशय मला विवेकवरही नव्हता. रविवारी तुझी सुपारी. मी ओटीच्या मधोमध बसून त्याच पेल्यातून चहा पिणार आहे, आणि कुणी विचारलं तर पूर्ण वाक्य सांगणार आहे. तुझ्याकडून मला एकच हवंय. शुक्रवारी सकाळी दहाला कल्पेशला घेऊन सरकारी दवाखान्याच्या तपासणी केंद्रात ये. मी दारात उभी असेन. रक्त दोघांचं द्यायचं, आणि ताजी लागण पहिल्या तपासणीत दिसत नाही म्हणून तीन महिन्यांनी, लग्नाआधी, पुन्हा द्यायचं. तो नाही म्हणाला, तर सुपारी फोडू देऊ नकोस.

तुझीच,
ललिता आत्या